वाचकांचे प्रश्न : वाहकाने कानाडोळा केला, तर दोष कोणाचा?

प्रश्न : डिसेंबर २०२१ मध्ये मी ऐरोलीहून ठाण्याला रोज शहर बसने जात असे. करोना लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांनाच प्रवासाची मुभा असताना माझे प्रमाणपत्र वाहकाने एकदाही पाहिले नाही आणि मास्क हनुवटीवर ओढलेल्यांनाही तो मुकाट्याने तिकीट देत असे. एकदा हटकले, तेव्हा ‘ताई, मी तिकिटं फाडू की लोकांची तोंडं बघू?’ असे ऐकावे लागले. घरी सासूबाईंना दमा असल्यामुळे ते फार लागले. त्या वाहकावर कारवाई होऊ शकत होती का? पुन्हा अशी वेळ आली, तर प्रवाशाने काय करावे?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : कारवाई होऊ शकत होती, परंतु तरतूदच अशी होती की ती होऊ नये, असे माझे मत आहे. राज्य शासनाच्या २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाप्रमाणे बसमध्ये नियम मोडणाऱ्या प्रवाशाला ५०० रुपये, त्या बसच्या चालक-वाहकालाही ५०० रुपये आणि बस चालवणाऱ्या संस्थेला प्रत्येक वेळी १०,००० रुपये दंड होता. कागदावर हे कडक दिसते. मात्र एखाद्या प्रवाशाविरुद्धची तक्रार वाहकाने स्वतःहून वर नेली असती, तर त्याच नोंदीने तो स्वतः आणि त्याची संस्था अडचणीत येण्याचा धोका होता. मग डोळ्यांवर कातडे ओढून घेण्यातच त्याचे हित होते. त्याचे उत्तर उद्धट होते, हे खरेच. तरीही खचाखच भरलेल्या बसमध्ये पुढचा थांबा येण्याआधी तिकिटे उरकणाऱ्या माणसावर, हाताखाली कोणी न देता, पोलिसाचेही काम टाकले होते, हे विसरता येत नाही.

लोकलमध्येही फार वेगळे नव्हते. १५ ऑगस्ट २०२१ पासून दुसरी मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांना प्रवास खुला झाला, तेव्हा कागदपत्रांची तपासणी पास देतानाच होत असे. एकदा पास हाती पडला, की डब्यात कोणाचा मास्क कोठे आहे, हे पाहणारा विरळाच. रेल्वेने एप्रिल २०२१ मध्ये मास्क नसल्यास ५०० रुपयांपर्यंतचा दंड लावला, तोही स्वच्छतेसंबंधीच्या २०१२ च्या नियमांखाली, म्हणजे थुंकणाऱ्याच्या पंक्तीला बसवून!

आपण स्वतः न्यायालयात जाऊ शकला असता का? साथरोग कायद्याखाली तरी नाही. साथरोग अधिनियम, १८९७ खालील आदेशाचा भंग हा भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ चा गुन्हा मानला जाई आणि त्याची दखल न्यायालय संबंधित लोकसेवकाच्या, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याच्या, लेखी तक्रारीवरूनच घेत असे. प्रवाशाच्या हाती उरत होता तो त्या लोकसेवकाकडे अर्ज. १ एप्रिल २०२२ पासून निर्बंध उठले, त्यामुळे त्या प्रवासाबद्दल आता काही करण्यासारखे नाही.

पुन्हा वेळ आलीच, तर वाहकाशी वाद घालू नका. बसचा क्रमांक, मार्ग, तारीख आणि वेळ टिपून आगार व्यवस्थापकाकडे लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि एक प्रत महापालिकेच्या आरोग्य विभागाला पाठवा. अर्जात वाहकाला शिक्षा मागण्यापेक्षा, त्या मार्गावर तपासनीस किती वेळा चढले आणि त्यांनी किती जणांना दंड केला, याची नोंद मागा.