बाहेरून मागवलेलं मशीन खराब निघालं, सप्लायरला परत पाठवायला किती खर्च येईल?

खर्चाचं नंतर बघू. आधी सांगा, पेटीतल्या मालाला कुणी पाना लावलाय का? नसेल तर लावू देऊ नका.

अंबडला दादाचं आणि माझं वर्कशॉप आहे. तैवानहून स्पिंडल (मशीनचा फिरणारा मुख्य दांडा) मागवला होता. न्हावा शेव्याहून ट्रक आला तेव्हा पेटीचा कोपरा फुटलेला, आत पाणी शिरलेलं. मी म्हटलं, फोटो काढू, इन्शुरन्सचा सर्व्हेअर बोलावू, सप्लायरला मेल टाकू. दादा म्हणाला, "तू कागद रंगवत बस. आपला फिटर संध्याकाळपर्यंत चालू करून देतो." ऑर्डर अडकली होती, हे खरं. फिटरने स्पिंडल खोलला, बेअरिंगं बदलली, तरी तो तापायचाच. मग परत पाठवायची गोष्ट निघाली. सप्लायरने हात वर केले, खोललात ना, वॉरंटी गेली. कस्टमकडूनही पूर्ण ड्युटी परत मिळायची आशा नव्हती. सदोष मालाची ड्युटी परत देणारं कस्टम कायद्याचं कलम २६ए आयातीनंतर दुरुस्त केलेल्या मालाला लागूच होत नाही. दोष कळण्यापुरतं चालवलं तर चालतं. दादा आजही सीएचएच्या, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटच्या, नावाने बोटं मोडतो. त्या बिचाऱ्याचा काय संबंध?

तुमचा माल जसाच्या तसा असेल तर २६ए बघा. कस्टममधून माल सुटल्यापासून ३० दिवसांत परत निर्यात व्हायला हवी, कमिशनर तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकतात. ती हुकली तर त्याच कायद्याचं कलम ७४. ड्युटी भरल्यापासून दोन वर्षांत न वापरलेला माल बाहेर गेला तर ९८ टक्के ड्युटी परत, वापरलेल्याला कपात. दोन्हीकडे हा तोच माल आहे हे अधिकाऱ्याला पटावं लागतं. म्हणून सिरीयल नंबर आयातीच्या इन्व्हॉइसवर आणि शिपिंग बिलावर (निर्यातीच्या कस्टम कागदावर) सारखाच हवा. घरातलं कुणी मोठं माणूस "दोन तासांचं काम आहे" म्हणालं, तर त्याच्या हातात ड्युटीचं चलन ठेवा.

जातानाचं भाडं कुणाचं, हे सप्लायरकडून आधी लेखी घ्या. बदली माल 'फुकट' आला तरी त्याच्या किमतीवर पुन्हा ड्युटी बसते, खरा खर्च तो. आणि हो, आयजीएसटीचं (आयातीवर भरलेल्या जीएसटीचं) क्रेडिट घेतलं असेल तर ७४ खाली तो भाग परत मिळत नाही. अकाउंटंटला आजच फोन करा, जीएसटी रिटर्न भरून टाकायच्या आत.