वाचकांचे प्रश्न : रद्दीचे गठ्ठे आणि झांशीची पानं

प्रश्न : आमच्या भागातलं छोटं दैनिक बंद पडलं. घरात कोणी गेल्यासारखं वाटतंय. वडिलांनी जपलेले अंक माळ्यावर आहेत, सगळे ठेवायला जागा नाही. काय करावं?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : मोठ्या बातम्या मोठ्या दैनिकांत सापडतील. छोट्या दैनिकाचा जीव आतल्या पानांत असतो : गुळाचे सौदे, तालमींच्या कुस्त्या, निधनवार्ता, जाहीर नोटिसा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापुरात पोरासोरांनाही पाठ असतं. पण २०१९ ला कुठल्या गल्लीत पाणी कुठवर चढलं, हे अशाच अंकांत मिळतं. म्हणून कात्रणं काढू नका. अंक थोडे ठेवा, पण अख्खे ठेवा. २००५, २०१९, २०२१ चे महापूर, पालिकेच्या निवडणुका आणि वर्धापनदिनाचे अंक आधी बाजूला काढा.

उरलेल्यांची तारीखवार यादी करून करवीर नगर वाचन मंदिरात आणि शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा. नुसतं ‘गठ्ठे आहेत’ म्हटलं तर कोणीही हात आखडता घेणार. प्रकाशकांनी ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना अंक पाठवावेत असा कायदा १९५४ चा आहे, १९५६ पासून तो वृत्तपत्रांनाही लागू झाला. पण त्यावर विसंबून घरचे अंक रद्दीत घालू नयेत.

वर्तमानपत्राचा कागद मुळातच अल्पायुषी. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन उजेडाने पिवळं पडतं, आम्लामुळे कागद ठिसूळ होतो आणि पहिल्यांदा घडीवरच तुटतो. म्हणून घडी उघडून अंक खोक्यात आडवे ठेवा, थर वीतभरापेक्षा उंच नको. पिना आणि रबरं काढा. फाटलं तर सेलोटेप लावू नका, त्याचा चिकटा पुढे तपकिरी डाग पाडतो. लॅमिनेशन तर नकोच. पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात तापतो, तळमजल्यावर पुराची भीती, बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल. मग उरतं आतल्या भिंतीचं मधलं फडताळ. कसर आणि वाळवीसाठी दर दोन महिन्यांनी खोकी उघडून बघणं डांबरगोळ्यांपेक्षा बरं.

स्कॅन ३०० डीपीआयवर करा, बारीक टाइपाला ४०० वर. पानामागे काळा कागद ठेवला की पाठची छपाई उमटत नाही. फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घातला की अंक आपोआप ओळीने लागतात.

अंक भिजलाच तर पानं सोडवू नका. पॉलिथिनमध्ये गुंडाळून थेट फ्रीजरमध्ये टाका. नाहीतर दोनेक दिवसांत बुरशी धरते.

प्रश्न : गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मधली झांशीची कत्तल वाचवत नाही. गाळून पुढे जावं का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : गाळू नका, थांबत थांबत वाचा. गोडसे भटजी १८५७ ला वरसईहून निघाले ते दानदक्षिणेच्या आशेने, आणि सापडले बंडाच्या धुमाळीत. झांशीत लपून राहिलेल्या माणसाचं ते लेखन आहे, म्हणूनच ते अंगावर येतं. पण लिहिलं पंचवीसेक वर्षांनी, आठवणीवरून. तारखांवर विसंबू नका. प्रतही बघून घ्या : १९०७ ची आवृत्ती चिं. वि. वैद्यांनी संपादलेली आहे, मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये छापला. झांशीचा भाग दिवसा वाचा, नकाशा शेजारी ठेवून. पुढे तीर्थयात्रा आणि गंगेची कावड आहे.