लॅटिन आधी, व्हिसा नंतर

पुण्यात तत्त्वज्ञानात एम.ए. केलंस, न्यायदर्शन, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, वाचलंस. आता तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस आणि त्याच्या मागचे-पुढचे वाचायला बेल्जियममध्ये लूव्हेनला यायचंय आणि पुढे हेच शिकवायचंय. पण लॅटिन येत नाही आणि तू ख्रिश्चन नाहीस, तेव्हा जमेल का, असं विचारलंस. मी अकरा वर्षांपूर्वी सांगलीहून याच गावात आले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ख्रिश्चन नसण्याची काळजी सोड. मला इथे धर्म कोणी विचारला नाही. मात्र मिस्सा (चर्चमधली भाकरी-द्राक्षरसाची मुख्य उपासना) म्हणजे काय, संस्कार किती, हे घरून शिकून ये. मी ते केलं नव्हतं आणि पहिले काही महिने चर्चा कशावर चाललीय हेच मला उमगत नव्हतं.

आणि न्याय वाचल्याबद्दल संकोच तर मुळीच नको, तीच तुझी शिदोरी आहे. अक्वायनसच्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या मोठ्या ग्रंथात प्रत्येक मुद्दा आधी विरोधी आक्षेपांनी सुरू होतो, मग त्याचं स्वतःचं उत्तर, मग एकेका आक्षेपाचं निरसन. पूर्वपक्ष-सिद्धान्ताची सवय असलेल्या माणसाला हा घाट लगेच ओळखीचा वाटतो. तिसऱ्या भागातला ७७वा प्रश्न बघ. मिस्सेत भाकरीचं द्रव्य बदलून ख्रिस्ताचं शरीर झालं, तर पांढरा रंग, चव, आकार आता कुणाच्या आश्रयाने राहिले? त्याचं उत्तर असं की ईश्वरी सामर्थ्याने परिमाण (वस्तूचं लांबी-रुंदीचं माप) निराधार टिकतं आणि बाकीचे गुण त्या परिमाणावर टेकतात. इथे नैयायिक (न्यायदर्शन मानणारा) ताडकन उठेल: परिमाण हाच एक गुण, आणि गुणावर गुण राहत नाही! मी हे सेमिनारमध्ये मांडलं तेव्हा तासभर दुसरा विषय निघाला नाही. अशी भांडणं लावायची असतील तर नक्की ये.

लूव्हेनच का, याला कारण आहे. १८७९ साली पोप लिओ तेराव्याने अक्वायनसच्या अभ्यासाला पुन्हा चालना दिली आणि १८८९ मध्ये देझिरे मेर्सिए यांनी इथे तत्त्वज्ञानाची संस्था काढली. ॲरिस्टॉटलच्या मध्ययुगीन लॅटिन भाषांतरांच्या चिकित्सक आवृत्त्या इथे तयार होतात, हेन्री ऑफ गेंट या तेराव्या शतकातल्या तत्त्वज्ञाच्या ग्रंथांच्याही. इंग्रजीतून एक वर्षाचं मास्टर्स आहे आणि दोन वर्षांचं संशोधनाचंही. दोन वर्षांचंच घे. एका वर्षात तू फक्त घर शोधशील आणि थंडीची सवय करशील.

आता लॅटिन. इंग्रजी भाषांतरावर मास्टर्स निभावेल, डॉक्टरेट नाही. आणि छापील लॅटिन आलं तरी हस्तलिखित वेगळंच. ‘पी’ अक्षराच्या दांडीला खाली आडवी रेघ मारली की ‘पेर’, तीच वळसा घेऊन आली की ‘प्रो’, डोक्यावर रेघ असली की ‘प्रे’. एक रेघ चुकली की वाक्याचा अर्थ फिरतो. आमच्या आजोबांना मोडी यायची. जमिनीचे जुने कागद ते बोट ठेवून, थांबत थांबत वाचायचे. लिपीच्या पहिल्या तासाला मला तेच बोट आठवलं. आजपासून रोज दीड-दोन तास लॅटिन कर. व्याकरणाची एक फेरी झाली की लॅटिन बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान घे, त्याची वाक्यं सोपी आहेत. किमान वर्षभर हे झाल्यावरच अर्ज भर.

विषयाबद्दल एक सुचवते. थॉमस स्टीफन्स हा जेज्विट संघाचा इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली तिथल्याच राशोलला छापलं गेलं, मराठीत, ओवीत. युरोपातल्या शाळांमध्ये घोटलेली थिऑलॉजी, म्हणजे ख्रिस्ती ईश्वरविचार, आपल्या भाषेत कोणत्या शब्दांनी उतरली, हे पाहायला लॅटिन आणि जुनी मराठी दोन्ही यावं लागतं. इथे माझ्या आसपास दोन्ही येणारं कुणी मला भेटलेलं नाही. पोर्तुगीजही लागेल, पण लॅटिननंतर ती जड जात नाही.

शिकवण्याचं मात्र स्पष्ट सांगते. डॉक्टरेटला निवड झाली आणि फेलोशिप मिळाली तर ती चार वर्षं पोट भरते. त्यानंतर कायमच्या जागा फार थोड्या, आणि बरेच वर्ग डच भाषेत. मी डच शिकले म्हणून मला पहिल्या वर्षाच्या मुलांचे तास मिळाले. माझ्याहून हुशार दोघं मित्र हा विषय सोडून गेले. परतायचं ठरवलंस तर पुण्यातच ज्ञानदीप या कॅथलिक संस्थेत (आधीचं ज्ञानदीप विद्यापीठ) तत्त्वज्ञान आणि थिऑलॉजी शिकवतात, तिथे आत्ताच जाऊन ओळख करून घे. कर्ज काढून मात्र येऊ नकोस, एवढं माझं ऐक.

तोवर तो ७७वा प्रश्न भाषांतरात वाच, तुझ्या नैयायिकाचे आक्षेप मराठीत लिहून काढ आणि मला पाठव. मी उत्तर देईन.