आठ वर्षांची गॅप आणि कपाटातलं एक पत्र

"एम.एस्सी. ॲनालिटिकल केमिस्ट्री. सात वर्षं औषध कंपनीच्या क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणीत) काम. 2017 मध्ये दुसऱ्या बाळाच्या वेळी नोकरी सोडली. आता वय 39. सहा महिन्यांत चाळीसेक ठिकाणी बायोडाटा पाठवला, एकही फोन नाही. घरचे म्हणतात बी.एड. कर. फार उशीर झालाय का?"

बदलापूरहून आमच्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला आलेल्या एका बाईंनी फॉर्मवर एवढंच लिहिलं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) केमिस्ट्री शिकलेल्या बायकांकडून हा प्रश्न सारखा येतो, फक्त गाव बदलतं. बदलापूरशेजारच्या अंबरनाथच्या जागी कधी तारापूर असतं, कधी महाड, लोटे, वाळूज, कधी गोव्यातलं वेर्णा.

उशिराचं उत्तर पहिल्या बैठकीत द्यायचं नाही, आधी बायोडाटा बघायचा. त्यांचा दीड पानी होता. वर चार ओळींचं 'करिअर ऑब्जेक्टिव्ह', मग दहावीपासूनचे टक्के, आणि सात वर्षांच्या नोकरीला एकच ओळ: 'हँडल्ड एचपीएलसी, जीसी अँड यूव्ही', म्हणजे तपासणीची यंत्रं चालवली. शेवटी छंद, वाचन आणि रांगोळी. ही एकच ओळ काल कॉलेजातून बाहेर पडलेली ट्रेनी पण लिहिते, आणि ती कमी पगारात मिळते. गॅप नडतेय असं बाईंना वाटत होतं. आमच्या मते नडत होती ती ही ओळ.

"सकाळी लॅबमध्ये गेल्यावर पहिलं काय करायचात?"

आधी म्हणाल्या, आता काय आठवतंय! मग हळूहळू हातच बोलायला लागले. बफर ताजा करायचा, पीएच तपासायचा, 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचा, सोनिकेटरवर हवा काढायची. पंप पर्ज करायचा, कॉलम (ज्यातून सॅम्पलमधले घटक वेगळे होतात ती नळी) जोडून अर्धा तास नुसता मोबाइल फेज, म्हणजे वाहतं द्रावण, सोडायचा, बेसलाइन सरळ होईपर्यंत इंजेक्शन द्यायचं नाही. मग स्टँडर्डची पाच इंजेक्शनं. एरियाचा आरएसडी (आकड्यांमधली तफावत) 2 टक्क्यांच्या आत, टेलिंग (आलेखाच्या शिखराची लांबलेली शेपटी) 2 च्या आत, तरच सॅम्पल लावायचं.

"आणि बिघडायचं काय?"

यावर त्या दहा मिनिटं थांबल्याच नाहीत. एका शनिवारी कुणीतरी फॉस्फेट बफर कॉलममध्ये तसाच ठेवून घरी गेलं. सोमवारी प्रेशर चढत चढत लिमिटला जाऊन पंप बंद. घाईत एकाने कॉलम धुवायला थेट ॲसिटोनायट्राइल सोडलं, तर आणखी चोंदला, कारण त्यात फॉस्फेटचा क्षार विरघळत नाही, खडे धरतो. आधी 90 भाग पाणी, 10 भाग मिथेनॉल असं सावकाश सोडून क्षार काढायचा, ऑरगॅनिक नंतर वाढवायचं. त्या दिवसापासून शिफ्ट संपताना कॉलम धुतल्याची नोंद लॉगबुकात करायची, हा नियम त्यांनीच लावून घेतला होता.

हे सगळं बायोडाटात कुठे आहे? कुठेच नव्हतं. ते लिहून काढायला दोन बैठका गेल्या. कोणत्या गटाची रसायनं तपासली, कोणत्या टेस्ट, किती जणांना शिकवलं, कोणतं ऑडिट तोंडावर झेललं. जुन्या कंपनीच्या प्रॉडक्टची नावं मात्र घालायची नाहीत. तो गुप्ततेचा भाग आहे, आणि मुलाखत घेणारे ते मुद्दाम बघतात.

असंच बोलता बोलता कळलं की कपाटात एक पत्र आहे. राज्याच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) त्यांना तपासणीच्या कामासाठी सक्षम व्यक्ती म्हणून मंजुरी दिल्याचं, म्हणजे धंद्याच्या भाषेत 'एफडीए अप्रूव्ह्ड केमिस्ट'. नोकरीच्या जाहिरातीत हे तीन शब्द सर्रास असतात, कारण लायसन्ससाठी कंपनीला अशी माणसं दाखवावी लागतात. नव्या कंपनीत नाव चढवण्यासाठी पुन्हा अर्ज करावाच लागतो, पण एकदा मंजुरी मिळालेली बाई कंपनीला सोयीची पडते. बाईंनी ते पत्र लग्नाच्या अल्बमखाली ठेवलं होतं. आम्ही ते बायोडाटाच्या पहिल्या ओळीत आणलं.

दुसरी अडचण कुणाच्या ध्यानात नसते ती पीएफची. पार्श्वभूमी तपासणारे यूएएनचा (पीएफच्या कायम क्रमांकाचा) इतिहास बघतात. जुन्या कंपनीने बाहेर पडल्याची तारीखच भरली नव्हती, त्यामुळे कागदावर त्या अजून तिथेच कामाला होत्या. ही तारीख आता सभासदाला स्वतः पोर्टलवर भरता येते, आधारशी जोडलेला मोबाइल चालू असला की झालं. मुलाखतीआधीच करून टाकावं. ऑफर लेटर हातात आल्यावर ही भानगड निघाली तर खुलासे देत बसावं लागतं.

बी.एड.चं काय? दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि पुढे ज्युनियर कॉलेजातल्या अनुदानित जागेसाठी परीक्षा आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलची वाट. शिकवायची ओढ असेल तर जरूर करावं. पण बाईंना विचारलं तर त्यांना अकरावी-बारावीच्या शिकवण्यांचा कंटाळा आला होता. घरच्यांना बी.एड. हवं होतं कारण वेळ 'सोयीची'. ज्यांना वरच्या वर्गांना शिकवायचंय त्यांनी केमिकल सायन्सेसमधून सेट किंवा नेट द्यावी. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी त्यात वयाची वरची अट नाही, हे पुष्कळ जणींना माहीतच नसतं.

पेटंटच्या कामाचंही बोलणं झालं, कारण ते घरून करता येतं असं त्यांनी ऐकलं होतं. येतं. पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञानाची पदवी चालते. कायद्याचा एक पेपर, पेटंटचा मसुदा लिहिण्याचा दुसरा, मग तोंडी. दोन्ही पेपरांत निदान 50 टक्के आणि सगळं मिळून 60. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या वाइज-किरण योजनेत खंड पडलेल्या बायकांसाठी संशोधनाच्या फेलोशिप आहेत तसं बौद्धिक संपदेचं प्रशिक्षणही आहे. पण झेपेल का, हे कळायला आमच्याकडे एक साधी कसोटी असते. एखादं मंजूर पेटंट घरी द्यायचं आणि सांगायचं, पहिला क्लेम (हक्काचा दावा) तुमच्या भाषेत सांगा. काहीजणी दुसऱ्या दिवशी प्रश्नांची यादी घेऊन येतात. या बाई म्हणाल्या, तिसऱ्या पानावर झोप लागली. विषय मिटला.

म्हणजे परत क्यूसी. मग प्रश्न उरला तो मधल्या आठ वर्षांत काय बदललं याचा. सगळं नाही बदललं, पण जे बदललं त्यावरच मुलाखतीत बोट ठेवतात. 2018 च्या जुलैत वलसार्टन या रक्तदाबावरच्या औषधाचे साठे बऱ्याच देशांत परत मागवले गेले. बनवण्याच्या पद्धतीत केलेल्या बदलात डीएमएफ हे द्रावक आणि सोडियम नायट्राइट एकत्र आले होते. डीएमएफमधून सुटणारं डायमिथाइल अमाइन नायट्रस आम्लाशी जुळून एनडीएमए, म्हणजे कर्करोगाचा धोका असलेलं एक नायट्रोसामाइन, तयार झालं, आणि नेहमीच्या तपासणीत ते सापडलं नव्हतं. दिवसाला 96 नॅनोग्रॅम ही त्याची मर्यादा. तेव्हापासून नायट्रोसामाइन हा शब्द माहीत नसलेली क्यूसी केमिस्ट चालत नाही. बाई 2017 ला बाहेर पडल्या, पुढच्याच वर्षी हे घडलं. शिवाय डेटा इंटिग्रिटी, म्हणजे ऑडिट ट्रेल (कोणी कधी काय बदललं याची संगणकातली नोंद) चालू ठेवणं, एकमेकांचा पासवर्ड न वापरणं. आणि सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांनी पाळायचे नियम, डिसेंबर 2023 अखेरचं. लहान-मध्यम कारखान्यांना त्यासाठी 2025 अखेरपर्यंत मुदतवाढ होती, त्यामुळे अंबरनाथसारख्या ठिकाणी नोंदी नीट ठेवणारी माणसं शोधली जात होती. हे तिन्ही विषय त्यांनी सहा आठवड्यांत वाचले, रोज रात्री मुलं झोपल्यावर तासभर.

सराव मुलाखतीत एकाच प्रश्नावर अडल्या: "ॲसेची (औषधात मूळ द्रव्य किती टक्के आहे या तपासणीची) मर्यादा 98.0 ते 102.0. रिझल्ट 97.1 आला. काय कराल?"

"परत इंजेक्ट करीन."

परतणाऱ्या पुष्कळ जणी हेच सांगतात, कारण पूर्वी बऱ्याच ठिकाणी हेच चालायचं. आज या उत्तरावर मुलाखत संपते. कारण चांगला आकडा येईपर्यंत इंजेक्शन देत राहणं म्हणजे रिझल्ट निवडून घेणं. द्रावणं आणि व्हायल फेकायच्या नाहीत, सुपरवायझरला लगेच सांगायचं, मग वजन, डायल्युशन, स्टँडर्डची पोटेन्सी, इंटिग्रेशन, गणित हे क्रमाने तपासायचं. चूक सापडली तर ती पुराव्यासह लिहायची. नाही सापडली तर मंजूर आराखड्याशिवाय रीटेस्ट नाही. चौथ्या खेपेला हे त्यांच्या तोंडून न अडखळता आलं.

नव्या बायोडाटावर अकरा अर्ज गेले, तीन बोलावणी आली. एक अंधेरीच्या ऑफिसातलं, रेग्युलेटरी (सरकारी मंजुऱ्यांच्या कागदपत्रांच्या) विभागाचं. पगार बरा होता, पण बदलापूरहून दादरला गाडी बदलून जाऊन-येऊन जवळपास पाच तास. दुसरीकडे तीन शिफ्ट. तिसरं अंबरनाथचं, एकच स्टेशन, जनरल शिफ्ट, महिना 22,000. सोडताना 24,000 होता. बाई त्या रात्री रडल्या.

इथे कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं. मुलाला सांभाळायचे 4,500, पास आणि रिक्षा धरून 1,500, हातात उरतात 16,000. शिकवण्यांचे 12,000 येतच होते. म्हणजे फरक फक्त चार हजारांचा. पण शिकवणीत एफडीएचं नाव पुन्हा चढत नाही, नव्या मशीनवर हात बसत नाही, आणि दोन वर्षांनी नोकरी बदलताना गॅप ही मागची गोष्ट ठरत नाही. 'पगार कमी, पण सहा महिन्यांनी आढावा' हे त्यांनी ऑफर लेटरमध्ये लिहून घेतलं. तोंडी नको म्हणून हट्टच धरायला लावला.

पाळणाघराचंही विचारलं. 50 किंवा अधिक कामगार असले तर ते कायद्याने द्यावं लागतं, कंपनीत मोजून 46 माणसं निघाली. बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा लागू झाली ती 1 एप्रिल 2017 ला, आणि बाईंचा राजीनामा फेब्रुवारीतला.

तीन महिन्यांनी फोन आला. काम जमतंय, कॉलम धुतल्याची नोंद तिथेही सुरू केली. पण महिनाअखेरीला डिस्पॅच (माल पाठवणं) असतं, साडेपाचला निघता येत नाही, सातची गाडी मिळते आणि सासूबाईंची तोंडं वाकडी होतात. महिन्याचे नेमके कोणते चार दिवस उशीर होतो ते कॅलेंडरवर आधीच मांडा आणि घरी दाखवा, असं सुचवलं. पुढची बैठक पुढच्या डिस्पॅचनंतर ठेवली आहे, सासूबाईंसकट.