लाल नदी बघायला निघालीस तर

सोनू, इंदूरच्या थंडीच्या सुट्ट्या बघून कोलंबियाचं तिकीट काढू नकोस. कान्यो क्रिस्तालेस, म्हणजे तिथली ती लाल नदी, रंगते ती साधारण जून ते नोव्हेंबर. पुढे पाणी आटतं, मग नदी बंद. रंग पाण्याचा नाहीच, खडकाला चिकटलेल्या मॅकारेनिया क्लाविगेरा या पाणवनस्पतीचा. उन्हात किरमिजी, गर्द सावलीत तीच हिरवी. ढग आले की निम्मी मजा गेली, म्हणून एक दिवस जास्तीचा ठेव. सनस्क्रीन, डासांचं क्रीम लावून पाण्यात उतरू देत नाहीत. पूर्ण बाह्यांचा शर्ट घे. पिवळ्या तापाची लस निदान १० दिवस आधी. त्याचं कार्ड परतताना मुंबईला मागतात. माझं शेवेच्या पिशवीत सापडलं, तेलकट.