वाचक विचारतात : जुन्या सॅश खिडक्यांचे करावे काय?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लीड्स येथे 1890च्या सुमारास बांधलेले घर घेतले आहे. आधीच्या मालकांनी प्लास्टिकच्या खिडक्या बसवताना काढलेली, सॅश म्हणजे वरखाली सरकणाऱ्या खिडक्यांची आठ लाकडी तावदाने तळघरात रचून ठेवलेली सापडली. शेजारी बादलीभर लोखंडी वजने आहेत. जुन्या सामानाचा व्यापारी सगळ्याचे मिळून अगदीच किरकोळ पैसे देऊ करतो. तावदाने विकावीत, त्यांचे टेबल करावे, की पुन्हा बसवावीत?

उत्तर : व्यापारी तुम्हाला फसवत असेलच असे नाही. आपल्याकडील रेल्वेच्या डब्यातल्या झडपेसारखी ही खिडकी वरखाली सरकत असली, तरी ती खिटीवर अडकत नाही. दोन्ही बाजूंच्या पोकळ पेटीवजा चौकटीत लोंबणारी वजने कप्पीवरून गेलेल्या दोरीने तिला तोलून धरतात. पेटीविना नुसत्या तावदानाला गिऱ्हाईक सहसा मिळत नाही, कारण नेमक्या त्याच मापाची जागा दुसऱ्या कोणाच्या भिंतीत क्वचितच असते. तुमच्या भिंतीत ती आहे, आणि या तावदानांची खरी किंमत तेवढ्यातच आहे.

तेव्हा आधी भिंत तपासा. लंडनमध्ये 1709च्या कायद्याने आगीच्या धास्तीपायी चौकट भिंतीच्या दर्शनी बाजूपासून चार इंच आत घ्यायला लावली आणि 1774च्या कायद्याने पेटी विटांच्या आड ढकलली. पुढे हीच रीत इतरत्रही रुळली. म्हणून अशा घरांत खिडकीची जागा बाहेरून अरुंद आणि आतून रुंद असते. नवी खिडकी बसवणाऱ्यांनी कधीकधी पेटी तशीच ठेवून तिच्यावर फळी ठोकलेली असते. बोटांनी वाजवून पाहा. पोकळ आवाज आला, तर निम्मे काम वाचले असे समजा.

मग तावदान उजेडात आणून त्याचा खालचा आडवा पट्टा पाहा, कारण पावसाचे पाणी तिथेच साचते. जोडाजवळ चाकूचे टोक सहज रुतले, तर तेवढाच कुजलेला भाग कापून जुन्याच्या जातीचे लाकूड तिरक्या सांध्याने जोडता येते. त्यासाठी अख्खे तावदान टाकून देण्याचे कारण नाही. जिथे रंग उडाला असेल, तिथे आडव्या छेदात वाढीची वर्तुळे मोजून पाहा. थंड प्रदेशात सावकाश वाढलेल्या जुन्या बाल्टिक पाइनमध्ये ती इतकी दाट असतात की आजच्या वखारीतले झटपट वाढलेले पाइन त्याच्यापुढे पोकळ वाटते. कडेला पटाशीने कोरलेल्या एक, दोन, तीन अशा रेघा दिसल्या, तर त्या घासून काढू नका; कोणते तावदान कोणत्या चौकटीचे, याची ती सुताराने करून ठेवलेली खूण असते. काचेतून पाहताना समोरचे झाड किंचित हलल्यासारखे दिसले, तर काच जुनी आहे, ती जपा.

वजनांचा हिशेब सोपा आहे. तावदान काचेसह तोलावे आणि त्याच्या निम्मे वजन प्रत्येक बाजूला द्यावे. तावदान 14 किलोचे असेल, तर दोन्हीकडे सात-सात किलो. वरच्या तावदानाची वजने किंचित जड आणि खालच्याची किंचित हलकी ठेवली, म्हणजे खिडकी आपोआप मिटलेली राहते. दुहेरी काच घालायचा मोह झाला, तर हा हिशेब कोलमडतो : तावदान जड होते, काचांमधल्या बारीक पट्ट्यांना तेवढी खाच सोसत नाही, आणि पेटीत मावतील अशी शिशाची वजने घ्यावी लागतात. त्यापेक्षा फटींना ब्रशपट्टी लावून आतल्या बाजूने स्वतंत्र दुसरी काच बसवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. ऊबही राहते आणि रस्त्याचा आवाजही कमी होतो.

काम सुरू करण्यापूर्वी स्थानिक कौन्सिलच्या इमारत विभागाशी जरूर बोला. तेथे खिडकी बदलण्याला ऊर्जाबचतीचे नियम लागू होतात, आणि जमिनीपासून 800 मिलिमीटरच्या आत येणारी काच सुरक्षित प्रकारचीच लागते. टेबलाचा विचार मात्र सोडून द्यावा, असे मी म्हणेन.

प्रश्न : न्यू जर्सीत एका जुन्या बाजारातून मी अशीच रंग उडालेली तावदाने आणली आहेत. एकात कुटुंबाचे फोटो लावायचे आहेत, आणि बाकीची वाफ्यावर झाकून थंडीत मेथी घ्यायची आहे. चालेल का?

उत्तर : फोटोंसाठी चालेल, मेथीसाठी नाही. अमेरिकेत घरांसाठीच्या शिसेयुक्त रंगावर 1978मध्ये बंदी आली. त्यापूर्वीच्या तावदानाच्या रंगात शिसे आहे असेच धरून चालावे. कोरडा सँडपेपर किंवा गरम हवेची बंदूक लावू नका. सुटे पापुद्रे ओल्या फडक्याने टिपून घ्या, वरून पारदर्शक लेप द्या, आणि चौकट मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी टांगा. वाफ्यावर मात्र ऊन-पावसाने सुटलेले पापुद्रे थेट मातीत पडतील. मेथीवर नवी प्लास्टिकची शीटच झाका.