ईआरए असताना एफआयपी कशाला?

बेसबॉलमध्ये ईआरए म्हणजे पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, आणि एफआयपी म्हणजे फिल्डिंग वगळून मोजलेली त्याची कामगिरी. प्रश्न असा आहे: एररमुळे (फिल्डरच्या चुकीमुळे) झालेल्या धावा ईआरएमध्ये धरतच नाहीत, मग फिल्डिंग बाजूला काढायला एफआयपीची वेगळी भानगड कशाला?

गोम 'एरर' या शब्दातच आहे. हातात आलेला चेंडू निसटला की स्कोअरर एरर लिहितो. पण शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फिल्डर) मंद असला आणि चेंडूपर्यंत पोचलाच नाही, तर तो सरळ हिट (बॅटरने कमावलेला बेस) आणि पुढची धाव पिचरच्या माथी. एररमध्ये हातांचा दोष मोजला जातो, पायांचा नाही.

2001 मध्ये वोरोस मॅक्रॅकन या बेसबॉलच्या आकडेतज्ज्ञाने मांडलं की मैदानात पडलेल्या (म्हणजे बॅटला लागून खेळात आलेल्या, होमरन सोडून) चेंडूंपैकी किती हिट होतात, यावर पिचरचा ताबा लोक समजतात त्यापेक्षा फार कमी असतो. हा आकडा, म्हणजे बॅबिप, लीगमध्ये साधारण .300 असतो, पण एकाच पिचरचा दरवर्षी वरखाली उड्या मारतो. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर आउट) आणि वॉक (चार बॉलवर बॅटरला फुकट पहिला बेस) यांचं प्रमाण मात्र बऱ्यापैकी टिकून राहतं. मग टॉम टँगो या दुसऱ्या आकडेतज्ज्ञाने फक्त फिल्डरचा हात न लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे या दोन, कुंपणापार जाणारा होमरन आणि बॅटरच्या अंगावर बसलेला चेंडू, घेऊन सूत्र बांधलं:

(13 × होमरन + 3 × (वॉक + अंगावर बसलेले चेंडू) − 2 × स्ट्राइकआउट) ÷ इनिंग + स्थिरांक

13, 3, 2 हे आकडे हवेतून आलेले नाहीत. ईआरए नऊ इनिंगचा असतो, म्हणून त्यांना 9 ने भागा: होमरन 1.44 धावा, वॉक 0.33, स्ट्राइकआउट उणे 0.22. स्ट्राइकआउट इतका स्वस्त का? कारण तुलना मैदानात पडलेल्या चेंडूशी आहे, आणि असे दहातले सातएक चेंडू तसेही आउटच होतात.

आता बोस्टनचा पिचर पेड्रो मार्टिनेझ याचं 1999 घ्या: 9 होमरन, 37 वॉक, 9 अंगावर, 313 स्ट्राइकआउट, 213⅓ इनिंग. 117 + 138 − 626 = −371. भागिले 213.33 म्हणजे −1.74; त्यात त्या वर्षाचा स्थिरांक 3.13 मिळवला की 1.39. 2000 मध्ये 17 होमरन, 32 वॉक, 14 अंगावर, 284 स्ट्राइकआउट, 217 इनिंग, उत्तर 2.17. दोन्हींत आकडा जितका कमी तितका चांगला; ईआरए मात्र उलटं सांगतो: आधी 2.07, मग 1.74. फरक कुठून आला? 1999 मध्ये मैदानात पडलेल्या 467 चेंडूंचे 151 हिट झाले, 2000 मध्ये 470 चेंडूंचे फक्त 111. पिचिंग म्हणून मी 1999 वर ठेवेन, यावर वाद घालणारे भेटतीलच.

स्थिरांक त्याच मोसमाचा हवा. अख्ख्या लीगचे आकडे सूत्रात टाका आणि येणारी संख्या लीगच्या ईआरएमधून वजा करा. दुसऱ्या वर्षाचा उसना घेतला की सगळेच पिचर सारख्याच फरकाने सरकतात, म्हणून चूक लक्षातही येत नाही.

स्प्रेडशीटमध्ये हमखास होणारी गफलत: इनिंगमध्ये तीन आउट असतात आणि .2 म्हणजे दोन आउट, म्हणून 4.2 इनिंग म्हणजे चार पूर्णांक दोन तृतीयांश, 4.667. तसंच 4.2 ठेवलं तर स्टार्टरचं (सामना सुरू करणाऱ्या पिचरचं) फारसं बिघडत नाही, पण एका आठवड्याच्या रिलीव्हरचा (मधे येऊन थोडंच टाकणाऱ्याचा) आकडा पार वेडावाकडा होतो. अर्थात एका आठवड्यावरून एफआयपी काढणंच मुळात चूक; एक होमरन कमीजास्त झाला तरी चित्र पालटतं.

होमरन हीच या सूत्राची कमकुवत बाजू. उंचावरच्या डेन्व्हर शहराच्या विरळ हवेत चेंडू लांब जातो, आणि साधा एफआयपी मैदानाचा हिशेब धरत नाही. शिवाय उंच उडालेल्या चेंडूंपैकी किती कुंपणापार जातात हेही बरंचसं नशिबावर. म्हणून एक्सएफआयपी या सुधारित सूत्रात खरे होमरन काढून, उंच चेंडू गुणिले लीगचं सरासरी प्रमाण, असं घेतात. पुढच्या मोसमाचा अंदाज बांधायचा असेल तर तो बघा. झालेल्या मोसमाचं श्रेय वाटताना नको.

आणि टिम वेकफिल्डसारखा नकलबॉलवाला (जवळजवळ न फिरणारा, हवेत डुलणारा चेंडू टाकणारा पिचर) असेल तर एफआयपीवर डोळे मिटून विसंबू नका. अशा चेंडूवर बॅट नीट बसत नाही, त्यामुळे बॅबिप वर्षानुवर्षं कमी राहतो. ते नशीब नव्हे, त्याचंच कसब. आणि नेमकं तेच हे सूत्र गाळून टाकतं.